गोऱ्या साहेबाच्या कबरीवरचं तेल

निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारी. मी आणि माझा दोस्त दर शुक्रवारी भालकीजवळच्या गोऱ्यांच्या कबरी साफ करायला जायचो. पूर्वी तिथे इंग्रजी पलटणीची छावणी होती. आता पाच कबरी आणि एक पडका बंगला उरला होता. आम्हाला ना कुणी सांगितलं होतं, ना पगार होता. नाद मीच लावला होता, आणि इंग्रजी अक्षरंही मीच वाचायचो. पण कोरीव अक्षरांचा छाप घ्यावा तर त्यानेच. ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशाने ठोकायचा, वरून शाई लावलेली कापडाची पुरचुंडी फिरवायची. माझा कागद हमखास फाटायचा. मेंढरं राखणाऱ्या घरातला हा गडी. त्याचा छाप पाहून आमचे मास्तर मान डोलवायचे आणि माझ्या पोटात दुखायचं.

मोठ्या कबरीवर बायका तेल घालत. त्याने लेकरांचा खोकला जातो म्हणे. तेलकट दगडाला कागद धरत नाही, म्हणून त्याने दोन महिने राख आणि शिकेकाई लावून तो दगड घासला. बायकांना हात जोडून परत पाठवलं. हैदराबादहून जुन्या इमारतींच्या खात्याचे साहेब येणार होते, आणि त्या दगडाचा छाप पाहून आमच्यातल्या एकाला बीदरच्या किल्ल्यात कामाला घेणार होते.

आदल्या संध्याकाळी तो मेंढरांकडे गेला नि राखणीला मी बसलो. एक बाई वाटी घेऊन आली.

"अण्णा, घालू का थोडं? लेकरू लई खोकायलंय."

"घाला की, अक्का."

मला तिची दया आली, असं मी पुढे बरीच वर्षं सांगितलं. ते खोटं आहे.

सकाळी साहेबांसमोर त्याचा कागद दोनदा घसरला. साहेबांनी दगडावर बोट फिरवलं आणि राखण कुणाची होती ते विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, काय ते समजला आणि म्हणाला, "माझी व्हती, साहेब."

ज्याला एक दगड राखता येत नाही तो किल्ला काय राखणार, असं म्हणून साहेबांनी मला घेतलं.

स्टेशनवर तो पोचवायला आला, स्वतःचा ब्रश घेऊन. माझ्या ब्रशाचे केस गळतात, हे त्याच्या ध्यानात होतं. कामून खोटं बोललास, असं मी विचारलं.

"तुला लई जायचं व्हतं."

गाडी हलली. जागा मला मिळाली होती, ब्रशही माझ्याच हातात होता, आणि तरी त्याच्यावर जळत होतो मीच.