भोक नसलेली पानं

आमच्या अकोल्याच्या घरी जुना कूलर पडून होता. मोटर जळालेली, पत्रा गंजलेला. भंगारवाल्याला देण्याआधीच लेकीने त्याचा ताबा घेतला, डासांची जाळी ठोकली आणि त्यात काडीकिडे पाळले, हुबेहूब वाळक्या काडीसारखे दिसणारे. ओळखीच्या एका कीटकवेड्या बाईंनी अंडी दिली होती. त्यांतून निघाले तेव्हा दोऱ्याच्या तुकड्याएवढे होते. पावसाळा निम्मा सरेपर्यंत मोठी मादी वीतभर झाली. मला आधी किळस यायची. मग सकाळी चहाआधी जाळीवर पाणी शिंपडायची सवय मलाच लागली. लोकांच्या पोरी कुत्रं मागतात, आमचं नशीब असं.

ते फक्त जांबाची पानं खायचे. जांब म्हणजे पेरू, आम्ही वऱ्हाडात जांबच म्हणतो. शेजाऱ्यांनी गाडी ठेवायला त्यांचं झाड तोडलं आणि आमचे वांधे झाले. मादीने शेवटची कात टाकली होती, कधीही अंडी घालेल अशी. ती उपाशी मेली तर सगळं संपलं, असं लेक रोज ऐकवायची. शेवटी मी तेल्हाऱ्याला धाकट्या दिरांना फोन केला. त्यांच्या कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जांबाचं झाड आहे.

"आमी किडे मारू मारू थकलो, अन् तुमी पाळून राहिल्या," ते हसले. पण त्याच आठवड्यात सकाळच्या एसटीने स्वतः आले. चुंगडीभर फांद्या आणि पुतणीसाठी त्याच झाडाचे पिशवीभर जांब.

"पाहा वहिनी, एका पानाले भोक नाई."

खरंच नव्हतं. मी पानं दोनदा धुतली, फांद्या पाण्याच्या बाटलीत घालून कूलरमध्ये ठेवल्या. भाऊजी जेवून परतीच्या गाडीला गेले.

दुपारी लेकीने हाक मारली. मादी पुढच्या पायांनी जाळीला लोंबकळत होती आणि तिचे मागचे पाय थरथरत होते. बाकीचे तळाशी पडले होते. मी एक पान उचलून खिडकीशी धरलं. शेजारच्या झाडाचं पान कधीच धड नसायचं, अळ्यांनी कुरतडलेलं असायचं. या पानांना कुणी तोंडच लावलं नव्हतं. मी फोन लावला.

भाऊजी अजून एसटीतच होते. मी फवारणीचं विचारलं.

"कपाशीवर चालू होती, तवा जांबालेबी मारून घेतलं. तुमच्यासाठीच ना वहिनी. पुतणीच्या किड्याईले किडका पाला कसा देऊ?" मग त्यांनीच विचारलं, "काहून, काय झालं?"

मला रागावता येईना. त्यांनी सगळं मायेनेच केलं होतं, आणि मला भीती वाटली ती त्याचीच.

फोन ठेवून वळले तर मादी खाली पडली होती. लेक कूलरपाशी बसून नुसती पाहत होती. तिच्या हातात जांब होता, अर्धा खाल्लेला.

तो मी हिसकावून घेतला आणि तिला तशीच दवाखान्यात नेलं. तिला काही झालं नाही. तरी पुढे कित्येक दिवस ती झोपली की मी तिचा श्वास बघत बसायची. कूलर भंगारात गेला.

आता जांब घेताना मी हातगाडीवरचे चकचकीत बाजूला सारते.

"ताई, तो किडका हाये," गाडीवाला सांगतो.

"तोच दे," मी म्हणते.