साडूंचे डिस्कस आणि मी आणलेला काळा मासा

मत्सर करायला माझ्या साडूंइतका सोयीचा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नव्हता. त्यांना मत्सर ओळखूच येत नसे. त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याच घरचा चहा पीत, त्यांच्याविषयी मनात वाटेल ते बाळगावं, ते आपले विचारणार, "भाऊ, साखर बराबर हाय ना?" ते चिखलीत एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि मी चिखलीहूनच एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. माझी थोरली, त्यामुळे देऊळघाटच्या सासुरवाडीत मोठ्या जावयाचा मान माझा होता. माझी बातमी छापून आली की आमचे सासरे, म्हणजे मामाजी, वांग्याच्या वाफ्यातून हात न धुता उठत आणि पारावर जाऊन ती मोठ्यानं वाचून दाखवत. मातीच्या बोटांचे ठसे उमटलेले ते अंक मी पाहिलेले आहेत. साडूंनी मासे पाळेपर्यंत हे असं चाललं.

साडूंना कोणतीही गोष्ट अर्धवट करता येत नसे. नवी सायकल घेतली तेव्हा ती आधी पूर्ण खोलून पुन्हा जोडली आणि मगच तिच्यावर बसले. लग्नात मिळालेलं घड्याळही त्यांनी असंच खोललं; ते मात्र पुन्हा जोडलं गेलं नाही. मुंबईच्या मावसभावानं त्यांना डिस्कस नावाच्या माशांचं चित्र दाखवलं: ताटलीसारखे गोल, चपटे, अंगावर निळ्या रेघा, मूळचे कुठल्याशा परदेशी नदीतले. हे फार नाजूक, चिखलीत जगायचे नाहीत, असंही तो म्हणाला. साडूंनी "काऊन नाई जगणार?" एवढंच विचारलं आणि लोखंडी अँगलची चौकट वेल्डिंग करून, पुट्टीनं काचा बसवून, पुरुषभर लांबीची टाकी तयार केली. हवेसाठी ट्रकची जुनी ट्यूब फुगवून तिची नळी पाण्यात सोडली. उबेसाठी झाकणात बल्ब लावले, आणि वीज गेली की टाकीवर रजई पडे. विहिरीचं पाणी या माशांना जड, म्हणून संग्रामपूरच्या बाजूनं, सातपुड्याच्या पायथ्याच्या झऱ्याचं पाणी कॅनमधून एस.टी.नं येई, आणि त्या कॅनचं लगेज-तिकीट काढलेलं नसेल तर साडू कॅन उतरवून घेत नसत. मासे आले तेही असेच: मलकापूर स्टेशनवरून, दुधाच्या कॅनमध्ये, घोंगडीत गुंडाळून, साडूंच्या मांडीवर. शेजारच्या सीटवरच्या बाईनं हळूच विचारलं, "लेकराले ताप हाय का?" साडू म्हणाले, "नाई मावशी, चौघं हायेत. थंडी सोसत नाई त्याइले."

चौघंही जगले. मामाजी एकदा पाहायला आले आणि टाकीसमोर तासभर बसून राहिले. पुढच्या बाजाराला दोन माणसं घेऊन आले, त्याच्या पुढच्या बाजाराला पाच. "पाह्य बे," ते एकाला म्हणाले, "ह्या आमच्या लहान्या जावायाच्या हातची करामत." त्या दिवशी माझी बातमी पहिल्या पानावर होती. अंक मामाजींच्या खिशातच होता. त्याची घडी मोडली गेली नाही.

डिस्कस मोठे खानदानी मासे. अन्न मधल्या पाण्यात असेल तोवर खातात, तळाला गेलेल्याला सहसा तोंड लावत नाहीत. साडू त्यांना काळजाचा खिमा घालीत; उरलेला वाळूत कुजे आणि पाणी बिघडे. तळ साफ करणारा जोडीदार पाहिजे, असं साडूंनी ठरवलं. आधी नदीतला एक मिशाळ टेंगरा आणून सोडला. तो दगडाआड जाऊन बसला तो बसलाच. साडू म्हणाले, "हा तं लग्नातल्या मोठ्या जावायासारखा हाय. बसला हाय ते दिसते, करून काय राह्यला ते दिसत नाई." मग माझ्याकडे पाहून घाईनं म्हणाले, "तुमाले नाई म्हटलं, भाऊ."

त्याच आठवड्यात मला दैनिकाच्या कामानं मुंबईला जायचं होतं. तळाचा मासा आणण्याची कामगिरी माझ्यावर आली. दुकानदारानं दोन प्रकार दाखवले. एक लहान, मिशांचे, वाळू चाळत फिरणारे. दुसरा काळा, खवल्यांचं चिलखत घातल्यासारखा, तोंडानं काचेला चिकटून बसलेला. "हा डिस्कसजवळ ठेवू नका," तो म्हणाला. "चपटं अंग दिसलं की चिकटतो. अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून खातो, आणि मग तो मासा टिकत नाही." सवयीप्रमाणे मी हे विधान वहीत टिपून घेतलं आणि काळा मासा विकत घेतला. घरी आल्यावर तो साडूंच्या हाती दिला, विधान दिलं नाही. घटनाक्रम असा आहे.

साडू खूश झाले. दोन दिवसांत काचा लखलखीत झाल्या. आठवड्यानं डिस्कसच्या अंगावर पांढरे चट्टे दिसू लागले. साडूंनी पाणी बदललं, मीठ टाकलं, बल्ब वाढवला. मग मेहुणीनं मीठ-मोहऱ्या घेऊन टाकीची दृष्ट काढली आणि काचेला काजळाचा टिळा लावला. देऊळघाटच्या पाहुण्यांना बंदी झाली, मामाजींनासुद्धा. मी दारातच थांबलो, तर मेहुणी म्हणाली, "या ना भाऊजी. तुमी घरचे. तुमची कायले नजर लागते?"

मी आत गेलो. एक डिस्कस आडवा तरंगत होता. साडू वर्कशॉपला गेलेच नव्हते. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले, आणि ते त्या हातांकडेच पाहत बसले होते.

"भाऊ, माह्या हातालेच खराबी हाय," ते म्हणाले. "उरलेले तिघं मुंबईले वापस धाडून देतो. आपल्यानं जीव सांभाळणं होत नाई. मशीनच बरी."

जो माणूस कधी काही अर्धवट सोडत नव्हता, तो सोडायला निघाला होता. मला हेच हवं होतं, आणि ते समोर आल्यावर पाहवेना.

"आधी तो काळा काढा," मी म्हणालो. "त्याचंच काम आहे हे. दुकानदारानं मला सांगितलं होतं."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं.

"मंग इसरले असान तुमी," ते सावकाश म्हणाले. "हजार बातम्या राह्यतात तुमच्या डोक्यात."

"हाव," मी म्हणालो. "इसरलो."

त्यांनी काळ्याला ओंजळीत धरून बादलीत ठेवलं. त्याच्यावरही त्यांचा राग नव्हता. पुढे त्याच्यासाठी वेगळी टाकी झाली. तिघं डिस्कस महिन्याभरात सुधारले. त्यानंतरच्या बाजाराला मामाजी माझ्या घरी आले, साडूंकडे जायच्या आधी. पाय धुऊन आत आले आणि बायकोला म्हणाले, "तुह्या घरवाल्यानं टायमावर सांगतलं म्हणून वाचले ते मासे. लहाने जावाई साऱ्या गावात सांगून राह्यले." आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

चुकीच्या बातम्यांचे खुलासे मी पुष्कळ छापले. कोणाचं आडनाव चुकलं, कोणाचं गाव. हा एक द्यायचा राहिला. मामाजी गेले, पुढे साडूही गेले. शेवटपर्यंत ते कोणालाही माझी ओळख करून देताना म्हणत, "हे आमचे साडभाऊ, यायच्यामुळे वाचले माहे मासे." आणि दर वेळी मी शेजारी उभा राहून मान डोलावत असे.