बारावी खुर्ची आणि व्हरमाँटचा चिखल

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मला काही काम नव्हतं. तसं ते इतर वारीही नसतं. अमेरिकेत श्रूजबरीला मित्राकडे, अमोलकडे, सोफ्यावर माझा तिसरा आठवडा चालू होता. त्याची मीटिंग कॅन्सल होईना, म्हणून त्याच्या बाबांना व्हरमाँटला न्यायचं काम माझ्याकडे आलं.

हे बाबा, दानियल काका, मूळचे नगरचे. अमेरिकेतली पहिली वीस वर्षं त्यांनी व्हरमाँटच्या एका खेड्यात काढली. तिथल्या चर्चमध्ये या दिवशी येशूच्या बारा शिष्यांच्या नावाने बारा खुर्च्या मांडतात. गावातलेच बारा जण बसतात आणि येशूने शिष्यांचे धुतले तसे पास्टर त्यांचे पाय धुतात. काका आणि रूथ काकू दरवर्षी शेजारी बसायचे. काकू ऑक्टोबरात गेल्या.

"सहाच्या आत पोचव," काका म्हणाले. "बाकी काही नको."

रूट टू पकडा, ग्रीनफिल्डवरून आय-नाइन्टीवन हायवेने नॉर्थ. दोन तास पुरतात. मला पाच लागले.

सुरुवात मस्त होती. काका शिष्यांबद्दल सांगत होते. "पेत्र, अंद्रिया, याकोब, योहान, चौघे कोळी. मत्तय जकातवाला. शास्त्री-पंडित एकही नाही."

"मग माझाही नंबर लागला असता."

"भटकले तेही. पेत्र रोमला, थोमा थेट केरळात, असं सांगतात. पण त्यांना पाठवलेलं होतं. तुला कोणी पाठवलंय?"

"अमोलने."

काका त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

मग मेपल सिरपची पाटी दिसली आणि मी गाडी वळवली. बर्फावर गरम सिरप ओतून देतात, सोबत चक्क काकडीचं लोणचं! सात डॉलरमध्ये झकास. गेलेला वेळ भरून काढायला मी शॉर्टकट घेतला. लिहून ठेवा: व्हरमाँटमध्ये एप्रिलात मातीच्या रस्त्याला जायचं नाही. बर्फ वितळून नुसता राडा होतो. चाकं अर्धी आत गेली. काका नुसते घड्याळ बघत राहिले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरने ओढून काढलं.

पोचलो तेव्हा सहा वीस. दहा जण बसलेले, दोन खुर्च्या रिकाम्या. पांढऱ्या केसांच्या पास्टरबाई खांद्यावर टॉवेल टाकून थांबल्या होत्या.

काका आपल्या खुर्चीवर बसले. शेजारच्या खुर्चीकडे बघितलं, मग गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेल्या माझ्याकडे.

"बस."

"काका, मी ख्रिश्चन नाही."

"ते बारा तरी कुठे होते? तो शब्द नंतर आला. बस."

बसलो. बूट काढले. माझ्या आजीच्या वयाच्या त्या बाई घमेलं घेऊन समोर गुडघ्यावर बसल्या आणि माझ्या पायाला हात लावणार, तेवढ्यात मी पाय झटकन मागे ओढला आणि सवयीने त्यांनाच वाकून नमस्कार करायला गेलो. डोक्यावर डोकं आपटलं. अख्खं चर्च हसलं.

"पेत्रही आधी नकोच म्हणाला होता," पास्टरबाई कपाळ चोळत म्हणाल्या.

काका कुजबुजले, "मोठ्या माणसानेच लहानाचे धुवायचे असतात रे. मुद्दाच तो आहे. पाय पुढे कर."

केला. पाणी कोमट होतं. क्षणात तपकिरी झालं. काकांसाठी त्यांना ते बदलावं लागलं. काकांनी डोळे मिटले होते आणि त्यांचा एक हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता, शेवटपर्यंत.

परत येताना हायवे सोडला नाही. घरी अमोलने विचारलं, "कसं झालं?"

"खुर्ची रिकामी राहिली नाही," काका बूट काढत म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पुढच्या वर्षी डांबरी रस्त्याने."

पुढच्या आठवड्यात मी कुठे असेन हेही मला सांगता येत नाही. पण मी हो म्हणालो.