एका गोष्टीचं स्टूल

भंडारा जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा गोंदियावाल्यांना काय मिळालं आणि आपल्याला काय, यावर लोक अजून वाद घालतात. माझ्या मते त्या वाटणीत आमची एकच मोठी फसवणूक झाली. आमचे भाऊजी आमच्याच वाट्याला आले. सौदा करायला मी असतो तर त्यांना तिकडे देऊन बदल्यात एखादा तलाव मागितला असता. अख्ख्या जिल्ह्यात ज्याच्याशी सौदा होऊच शकत नाही असा हा एक माणूस, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा! दुसरा कोणी असता तर मी त्याला दुकानाच्या पायरीवरूनच दोन शब्द सुनावले असते. पण घरच्या जावयावर ओरडता येत नाही. त्यामुळे माझा अर्धा राग पोटात जिरला आणि उरलेला अर्धा मी इथे लिहितो आहे.

भाऊजी शहापूरच्या शाळेत मराठी शिकवायचे. माझं कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या कापडाचं दुकान तिथेच, हायवेला लागून. सातवीनंतर शाळा सोडून मी खांद्यावर गठ्ठे वाहिले, गावोगाव फिरलो आणि स्वतःच्या जिभेवर हे दुकान उभं केलं. भाऊजी मात्र जिभेचा उपयोग पान उलटण्यासाठी बोट ओलं करण्यापुरताच करतात, असं मला बरीच वर्षं वाटायचं. छापलेलं काहीही दिसलं की ते वाचायचे. औषधाच्या पुड्या, खताची पोती, जवाहरनगरच्या फॅक्टरी बसमागची अक्षरं. एकदा बपेऱ्याला सोयरिकीच्या बोलणीसाठी आम्ही निघालो होतो. वाटेत भजी घेतली. ती ज्या कागदात बांधली होती त्यावर कोणाच्या तरी विहिरीत बिबट्या पडल्याची बातमी होती, पण अर्धीच. बिबट्या निघाला की नाही हे कळेना. भाऊजी उरलेल्या कागदासाठी भज्यांवर भजी मागवत राहिले. हॉटेलवाला शेवटी हात जोडून म्हणाला, "गुरुजी, रद्दी पूर्णच घेऊन जा जी, पण माह्यं बेसन संपून राहिलं!" आम्ही पोचलो तेव्हा मुलीकडचे जेवून हात धूत होते. मी लाल झालो होतो. भाऊजी यजमानांना म्हणाले, "काळजी करू नका. बिबट्या निघाला."

दुसरी खोड म्हणजे 'छान' या शब्दाशी वैर. त्यांच्या वर्गात हा शब्द बंद होता. घरीसुद्धा. माझ्या बहिणीने भरली वांगी केली आणि विचारलं, "कशी झाली?" तर ताटाकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "आज वांग्याला स्वतःचं मत आहे." ताई आठ दिवस माझ्याकडे येऊन विचारत होती, "अरे, हे चांगलं म्हणाले का वाईट?"

पण खरा घोळ असायचा तो शाळेच्या वाचन जत्रेत. दरवर्षी हिवाळ्यात भाऊजी नागपूरकडून दोन-तीन लेखक बोलावत. मांडव पडे, पोरं पुस्तकं गळ्यात अडकवून गावातून फिरत. आणि भाऊजींचा नियम असा की, पाहुण्याचं पुस्तक वाचल्याशिवाय मंचावर खुर्ची नाही आणि माइकवरून नाव नाही. सरपंच सतरंजीवर. शाळेच्या समितीचे अध्यक्ष सतरंजीवर. एका वर्षी हेडमास्तरसुद्धा सतरंजीवर, कारण त्यांनी फक्त मलपृष्ठ वाचलं होतं आणि ते पकडले गेले. पाहुण्यांच्या खांद्यावर पडणारी कोशाची शाल दरवर्षी माझ्या दुकानातली. तरी माइकवर काय? "ही शाल गावातल्या एका दुकानदाराने दिली." एका दुकानदाराने! दुकानावर एवढा मोठा बोर्ड आहे, सगळं छापलेलं वाचणाऱ्या माणसाला तेवढाच दिसला नाही!

शेवटी भाऊजींच्या निवृत्तीच्या वर्षी मी हट्टाला पेटलो. आता नाही तर कधीच नाही. त्यांना गाठून म्हणालो, "भाऊजी, अर्धं पुस्तक वाचलं त काय देसान?"

"अर्धी खुर्ची."

"अर्ध्या खुर्चीवर माणूस बसते काय जी?"

"अर्ध्या पुस्तकात माणूस कळते काय?"

"बरं, प्रस्तावना?"

"एक पाय."

बऱ्याच ताणाताणीनंतर सौदा एका गोष्टीवर पटला. त्या वर्षीच्या पाहुण्या लेखिका बाईंच्या कथासंग्रहातली एक गोष्ट मी दुपारभर गल्ल्यावर बसून वाचली. गोष्ट नेमकी एका कापड दुकानदाराची. एक बाई बहिणीसाठी लुगडं बघते, घासाघीस करते, पायरी उतरते. दुकानदार हाक मारत नाही. ती परत येत नाही. संपली गोष्ट. माझं डोकं असं तापलं की त्या दुपारी आलेलं गिऱ्हाईक मला बघूनच परत गेलं.

जत्रेच्या दिवशी नवा सदरा घालून मी मंचावर चढलो. तिथे लेखिका बाईंच्या शेजारी माझ्यासाठी प्रयोगशाळेतलं लाकडी स्टूल ठेवलं होतं. पाठ नसलेलं. भाऊजी कानाशी आले. "एका गोष्टीत एवढंच बसते, साळेबुवा."

माइकवर माझं नाव घेतलं, पण तोवर मी ऐकायच्या स्थितीत नव्हतो. स्टुलाचा सगळा राग मी बाईंवर काढला. "तुमच्या दुकानदाराले हाक माराले काय झालं होतं? पायरी उतरलेल्या बाईले हाक मारत नाही तो दुकानदार कायचा?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याला वाटलं, ती स्वतःच वळेल."

"मूर्ख आहे तो! मी असतो त हायवेपर्यंत धावलो असतो!"

पोरं सतरंजीवर लोळायची बाकी होती. बाई हसत म्हणाल्या, "मीही तिला वळवून पाहिलं हो. ती वळेचना."

मग भाऊजींची लाडकी उलटी सभा. तीत पोरं खुर्च्यांवर बसत आणि लेखक, शिक्षक, आम्ही सगळे खाली. पोरांनी दिवसाबद्दल मनातलं बोलायचं. शाळेतल्या एका बाईंनी सुरुवातीलाच "कार्यक्रम प्रेरणादायी झाला" म्हटलं, त्यांना भाऊजींनी पुन्हा विचार करून यायला सांगितलं. एक पोरगा म्हणाला, दुसरे लेखक फार वेळ स्वतःच्या लहानपणातच राहिले, आमच्यापर्यंत आलेच नाहीत. लेखकांनी मान डोलावली. मग सातवीतली एक मुलगी उठली. "शालवाले मामा भांडले, तवा मले समजलं का ती गोष्ट खरी होती. खोट्या माणसासाठी कोणी एवढं भांडते काय?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी सतरंजीचा दोरा ओढत बसलो. भाऊजी चष्मा पुसत होते.

त्यानंतर ताई आणि भाऊजी लेकीकडे नागपूरला राहायला गेले. मी स्टुलावरून अजून घुश्श्यातच होतो. हायवेवर सामान चढवून दिलं आणि बाजूला झालो. पण बस हलली आणि मी मागे धावलो. "भाऊजी, पूर्ण पुस्तक वाचलं त?" खिडकीतून हात बाहेर आला, भाऊजी काहीतरी म्हणाले. एका ट्रकच्या भोंग्यात ते गेलं.

जत्रा अजून होते. नव्या सरांनी यंदा मला मंचावर गादीची खुर्ची दिली, नाव दोनदा घेतलं, काय वाचलं ते विचारलंही नाही. कार्यक्रम म्हणे फार छान झाला.

मी ते पुस्तक पूर्ण वाचलं आहे, दोनदा. ते स्टूल हेडमास्तरांशी घासाघीस करून दुकानात आणलं आहे. गिऱ्हाइकाला त्यावर बसू देत नाही. दुपारी नागपूरकडून येणारी बस थांबली की मी स्वतःच त्यावर बसून पायरीकडे बघतो. पाठ दुखते. पण खुर्ची घेत नाही. तिचा भाव भाऊजींशी अजून ठरायचा आहे.