केरबाच्या नातवाचे दात

फेटा बांधावा तर केरबानं. अख्ख्या पेठ वडगावात तसला हात नाही. नवरदेवाचं डोकं कसलंही असो, वरात संपेपर्यंत फेटा जागचा हलत नाही. माणूस मात्र अब्रूला भारी जपणारा. म्हणून तीन महिन्यांच्या नातवाला, राजवर्धनला, नेमकं शीच्या जागेशेजारी गळू झालं आणि शेजारणींनी "पोरगं का वराडतंय?" म्हणून विचारलं, तेव्हा गड्यानं ठोकून दिलं, "दात येत्यात."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी बारीक चीर देऊन पू काढला. म्हणाल्या, "आता जखम आतून भरायला हवी. नवं मांस धरायला शरीर स्वतः जो वाढीचा घटक बनवतं, तसाच या औषधात आहे. शी झाली की कोमट पाण्यानं धुवा, मऊ कापडानं टिपा आणि सकाळ-संध्याकाळ हे फवारा. बाटली फ्रिजमध्ये ठेवा. भरलं तर उत्तम. आत वाट राहिली, तर मात्र ऑपरेशनचं बघावं लागेल."

एवढ्याशा जिवाचं ऑपरेशन! केरबानं बाटली उराशी धरूनच घर गाठलं.

मुलगा पुण्याला नोकरीत, बायको जाऊन वर्षं झालेली. जखम बघितली की सून अनुजा डोळे मिटून घ्यायची. "मामा, तुमचा हात हलका हाय," ती सासऱ्याला चाचरत म्हणाली. ज्यानं पोटच्या पोराचा लंगोट कधी बदलला नव्हता, तो केरबा बाह्या सारून बसला. कोरा मलमलीचा फेटा काढला, उकळला आणि टिपायला त्याचे तुकडे केले. पहिल्यांदा धुताना नातवानं टाहो फोडला, आजाही रडला, पण हात काही हलला नाही.

इकडे गल्लीत दात वाढतच होते. तिसऱ्या महिन्यात दात म्हटल्यावर बाया बघायला येऊ लागल्या. "वरचं का खालचं?" केरबा वैतागून म्हणाला, "वरचं!" झालं. वरचे दात आधी आले की पोराच्या मामाला, म्हणजे आईच्या भावाला जड, अशी समजूत. बातमी अनुजाच्या माहेरी, शिरोळला पोचली.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "छान भरलंय. ऑपरेशन नको. नुसतं लक्ष ठेवा." केरबा हवेत तरंगतच घरी आला, तर दारात अनुजाचा भाऊ अमरसिंह. ट्रॅक्टर उसात सोडून आलेला आडदांड गडी, तोंड उतरलेलं. भोवती बाया.

"पावणं, दात दावा की. माझं काय खरं न्हाय म्हणत्यात!"

केरबानं नातवाला अलगद पालथं केलं. "दात कुठलं आलंय! हितं गळू झालतं. ह्या हातानं धुतलं, ह्या हातानं औषध मारलं. बघ, हाय का काय?"

भाच्याचं गुळगुळीत बूड बघून अमरसिंहाचा जीव भांड्यात पडला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

संध्याकाळी वरातीचं बोलावणं आलं. केरबा आतनंच गरजला, "थांबा की पावणं! नातवानं शी केलीया. आधी त्याचं धुतो, मग तुमचा नवरदेव!"

गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.