टोकावड्याला पाठ दाखवली

आता कशाला ती जखम परत उघडायला लावता? बरं, सांगतो. पण आधी कप खाली ठेवा, चहा नाकात गेला तर मी जबाबदार नाही. आणि हसायचं ते शेवटी. अगोदर माझा राग ऐकून घ्यायचा. कारण राग खरा होता हो! शंभर नंबरी राग होता. फक्त…

त्या 'फक्त'कडे येतो नंतर.

मी मसाज करतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. शहापूरच्या एसटी स्टँडमागं माझी खोली आहे. कल्याणला जाऊन रीतसर कोर्स केला, पाटी लावली, पाटीवर 'फक्त पुरुषांसाठी' हे नावापेक्षा मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. वाशिंदच्या कंपनीत उभ्यानं पाळी काढणारे, ट्रकवाले, भातलावणीनं कंबर धरलेले शेतकरी, अशी माझी गिऱ्हाइकं. अंगावर टॉवेल, खोलीत लख्ख उजेड, आणि हात लावण्याआधी दर वेळी विचारायचं, "इथं दाबू का?" नको म्हणाला की विषय संपला. कोर्सला आमचे सर याला 'प्रोफेशनल बाउंड्री' म्हणायचे. मला तो शब्द इतका आवडला की काय सांगू! मी तो जेवतानासुद्धा वापरायचो.

पण लोक! अहो, लोकांच्या दोन जाती आहेत.

एक जात डोळा मारणारी. "काय मग, नुसता मसाज, का आणखी काय?" अरे, आणखी काय म्हणजे? आणखी तेल! फोन करून हळू आवाजात विचारतात, "लेडीज स्टाफ हाय का?" मी सांगतो, आहे ना, माझी आई आहे, दुपारी डबा घेऊन येते, देऊ तिच्याकडे फोन? की लगेच फोन कट.

दुसरी जात याहून भयंकर. फुकटे! लग्नाला आलेल्या सुताराला कोणी म्हणतं का, आलाच आहेस तर ही खिडकी ठोकून जा? मला मात्र कुठंही गाठतात. बारशाला, साखरपुड्याला, मतदानाच्या रांगेत. अहो, एका दहाव्याला नदीवर गेलो होतो. पिंडाला कावळा शिवेना. सगळे हात जोडून आभाळाकडं बघत उभे. आणि माझा सख्खा चुलता, नुकतंच भादरलेलं डोकं माझ्यापुढं करून म्हणतो, "निल्या, तवर जरा डोकं चेप ना!"

मी चेपलं. कावळा येऊन, शिवून, उडून गेला, तरी काका उठेना!

त्या दिवशी नदीच्या पाण्यात उभं राहून शपथ घेतली. यापुढं खोलीबाहेर कोणाच्याही अंगाला हात लावायचा नाही. बाप का असेना, सासरा का असेना.

आणि नेमकी सासऱ्याचीच गोष्ट निघाली.

माझ्या मामानं स्थळ आणलं. टोकावड्याच्या आतल्या बाजूला एक पाडा आहे, तिथली मुलगी. मनीषा नाव. मुरबाडला कापडाच्या दुकानात कामाला. फोटोत मला एकदम पसंत. मी आणि मामा, दोघंच जायचं ठरलं. थंडीचे दिवस. नवा निळा लोकरी स्वेटर चढवला, वरून विंडचीटर घातला, बाइक काढली. निघताना आई म्हणाली, "हे बघ निलू, मुलीचा बाप म्हणालाच मालिश कर, तर गुमान कर. स्थळ चांगलं आहे."

झालं! अख्ख्या रस्त्याला डोक्यात तेच. मुरबाड गेलं, सरळगाव गेलं, आणि मी हेल्मेटच्या आत भांडतोय. का करू? का म्हणून करू?

पोहोचलो. घर छान, सारवलेलं अंगण, मांडव, मांडवाच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्च्या. मी विंडचीटर काढून दाराच्या खुंटीला अडकवला आणि पाय धुवायला वाकलो. मागं बायका उभ्या होत्या, त्यांच्यात एकदम खुसखुस झाली. मला वाटलं, लाजल्या असतील. नवरदेव बघून बायका लाजतातच की!

मी येऊन खुर्चीत बसलो. उजव्या हाताला मामा, समोर मुलीचे बाबा आणि काका. पाठीमागं स्वयंपाकघराचं दार, त्यात मुलीची आई आणि मावशी. पोहे आले. मामानं बशीत डोकं घातलं ते घातलंच.

बाबा म्हणाले, "मंग, तुमचं काम कसं असतं म्हनायचं?"

मी तयारच होतो! खुर्चीत ताठ झालो. "काम एकदम स्वच्छ. फक्त पुरुषांचं. आजवर एकाही बाईच्या अंगाला माझा हात लागलेला नाही. अहो, बाईचा रुमालसुद्धा आमच्या खोलीत सापडायचा नाही!"

बाबांची नजर माझ्या डाव्या खांद्यावर. काकांची नजर माझ्या डाव्या खांद्यावर.

मग बाबा घसा खाकरत म्हणाले, "पाव्हनं, जरा… खांद्याचं बघता का?" आणि स्वतःचा डावा खांदा चोळायला लागले.

आली! आली ती वेळ! पोहे घशाखाली उतरले नाहीत, तोवर आली! मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि शेंगदाणा चावत बसलो.

काका जरा पुढं सरकले. त्यांनी आपल्या खांद्यावर दोन बोटांची चिमूट धरली आणि ओढल्यासारखं करून दाखवलं. एकदा नाही, दोनदा. वर भुवया उडवून मला खूण, 'समजलं का?' न समजायला काय झालं? शीर धरली असणार! यांची शीर मोकळी करायला मी शहापूरहून आलो होतो?

मी म्हणालो, "थंडीनं होतं असं. गरम पाण्यानं शेका."

काका बाबांच्या तोंडाकडं बघायला लागले.

तेवढ्यात मागून कुजबूज. मावशी म्हणत होती, "अगो, पाठीला… बॉडी… तू सांग ना गो."

मुलीची आई म्हणाली, "मी नाय बाय! बॉडीचं पुरुषाला कसं सांगनार? तूच सांग."

माझं डोकं फिरलं! म्हणजे आता बायकासुद्धा? आत्ताच कंठशोष करून सांगितलं ना, फक्त पुरुषांसाठी? पाठ काय, बॉडी काय! आख्खं घर रांगेत उभं राहणार होतं, आणि मी पोहे खाऊन सगळ्यांना एकेक करून रगडायचं!

इतक्यात मनीषा चहा घेऊन आली. फोटोपेक्षा बरी दिसत होती, हे रागातसुद्धा माझ्या लक्षात आलं. कप माझ्या हातात दिला, इकडं तिकडं बघितलं, आणि हळूच एक बोट खांद्यावरून मागं नेऊन स्वतःच्या पाठीकडं खूण केली.

हिलासुद्धा! लग्नाआधीच!

कप खाली आपटला आणि मी उभा राहिलो. आणि मग काय बोललो म्हणता! नदीवरच्या काकापासून तुंबलेलं सगळं बाहेर आलं.

"बास! मला काय समजलात तुम्ही? पाय धुऊन खुर्चीत बसलो नाही, तर याचा खांदा, त्याची शीर, हिची पाठ! माझा धंदा आहे तो, धर्मशाळा नाही! मुलगी बघायला आलोय मी, बॉडी बघायला नाही! आमच्या कामात बाउंड्री असते, बाउंड्री!"

काका पुटपुटले, "म्हंजे चौकार?"

"चौकार नाही! बाउंड्री म्हणजे, विचारल्याशिवाय कोणी कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही! आणि नाही म्हटलं की नाही!"

बाबा दोन्ही हात जोडून उठले. "अवो पाव्हनं, तसं नाय, तुमचा गैरसमज…"

"गैरसमज? डोळ्यांनी बघतोय!"

मामा तोंडात पोहे धरून माझा स्वेटर ओढत होता. आणि मनीषा, अहो, ती पोरगी खरी धीराची. पुढं आली आणि सगळ्यांसमोर स्वच्छ विचारलं, "तुमच्या पाठीला जरा हात लावू का? एक मिनिट फक्त."

आता तुम्ही म्हणाल, थांबायचं ना गाढवा! पण राग असा असतो का? मला वाटलं, ही माझी टिंगल करतेय. मी कडाडलो, "नाही! अजिबात नाही!"

आणि पाठ फिरवली.

मांडवात जो हशा उठला! कुंपणापलीकडं शेजारच्या बायका होत्या, त्यांनी पदर तोंडात कोंबले. एक म्हातारी तर हसता हसता खालीच बसली. मी म्हटलं, हसा! गरीब माणसाच्या धंद्याला हसा! मामाला तिथंच सोडलं, बाइकला किक मारली.

टोकावडे नाक्यावर आलो. ढाब्यासमोर बसलेली माणसं माझ्याकडं बघून हात करायला लागली. माळशेजकडनं आलेली एसटी उभी होती, तिचा कंडक्टर खिडकीतून ओरडला, "ओ दादा! मागं! मागं!" मला वाटलं, चाकात हवा नाही. भर नाक्यावर उतरलो, एसटीकडं पाठ करून उकिडवा बसलो आणि चांगलं दाबून दाबून मागचं चाक तपासलं. एसटीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. लोक शिट्ट्या मारायला लागले! हवेत काहीच बिघाड नव्हता. मी म्हटलं, काय गाव आहे हे, आल्या-गेल्या माणसाची चेष्टा करतात!

पुढं दोन पोरं बाइकवरनं बाजूला आली, माझ्या पाठीकडं बघितलं, अंगठा वर केला. "भाऊ, एक नंबर!" त्या दिवशी माझ्याशी चांगलं बोललेली तेवढीच माणसं. मी मान हलवून थँक्यू म्हणालो!

रागानं अंग असं तापलं होतं की विंडचीटर तिथंच राहिला, हे मुरबाड ओलांडल्यावर कळलं. पण परत कोण जातो?

घरी आलो. आई दारात. "काय झालं रे? मामा कुठाय?"

मी तिच्या बाजूनं आत शिरलो. आत माझी धाकटी बहीण कविता भाजी निवडत होती. तिच्यासमोरून पुढं गेलो आणि ती किंचाळली.

"दादा! अरे माझी बॉडी!"

मी वळलो. "आता तुझीसुद्धा दुखतेय का?"

"दुखत नाय रे मेल्या! सकाळपासनं दोरीवर शोधतेय मी ती! तू पाठीला लावून कुठं घेऊन गेलास?"

आणि तिनं माझ्या पाठीवरनं, निळ्या लोकरीत हूक रुतवून बसलेली, एक पट्टा डाव्या खांद्यावरून ऐटीत पुढं टाकलेली, पांढरीशुभ्र बॉडी सोडवली. हो, तीच. बायका आतून घालतात ती! सकाळी घाईघाईत दोरीवरनं स्वेटर ओढला, त्याच्याबरोबर ही पण आली, आणि वरून विंडचीटर चढवल्यानं घरात कोणाला दिसली नाही.

मी भिंतीला टेकून खालीच बसलो. एकेक आठवायला लागलं. खांद्याचं बघता का. चिमूट. पाठीला बॉडी. बाईचा रुमालसुद्धा सापडायचा नाही! अरे देवा, आणि एसटीकडं पाठ करून मी चाक तपासत होतो!

हसून घ्या. मी थांबतो.

दिवेलागणीला मामा आला. तो इतका शांत होता की मलाच भीती वाटली. मी म्हणालो, "मामा, तू तर शेजारी बसला होतास! तुला पट्टा दिसला नाही?"

"दिसला ना. मला वाटलं बॅगेचा हाय."

"आणि त्यांचं म्हणणं काय?"

"बाप म्हनाला, पोरगा तापट हाय, चालंल. मालिश करतो, चालंल. बायकांच्या अंगाला हात लावत नाय, यावर तर आमचा पुरा विश्वास हाय."

माझ्या जिवात जीव आला. "मग?"

"पन म्हनाला, आख्ख्या नाक्यानं त्याची पाठ बघितली, आता येवढ्या लोकांना एकेकट्याला गाठून कोन समजावनार?"

दुसऱ्या दिवशी मी मनीषाला फोन केला. मनापासून माफी मागितली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अवो, मी विचारलं होतं ना, हात लावू का?"

"हो."

"तुमी नाय म्हनालात."

"हो."

"मंग मी काय करनार? तुमीच तर सांगितलं, नाय म्हटलं की नाय."

फोन ठेवताना ती खुदकन हसली, एवढं ऐकू आलं. त्याचा अर्थ मला विचारू नका. अर्थ लावायचं काम मी सोडून दिलंय.

विंडचीटर अजून तिकडंच आहे. मामा रोज म्हणतो, जाऊन घेऊन ये. मी म्हणतो, "मामा, त्या नाक्यावरनं कुठल्या तोंडानं जाऊ?"

मामा म्हणतो, "तोंडानं खुशाल जा रे! तोंड कोनी बघितलंय तुझं? पाठ तेवढी झाकून ने."