आहे की नाही, एवढंच सांगा

शेजारच्या सुमनवहिनींच्या दारात काल दुपारी सर्वेक्षणाच्या बाई आल्या. मी माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. बाईंनी हातातल्या कागदावरून वाचलं, "घरात नळ आहे का?"

"आहे, पण गेले नऊ दिवस…"

"आहे की नाही, एवढंच सांगा."

"आहे," वहिनी म्हणाल्या. बाईंनी खूण केली.

माझं डोकंच फिरलं. "अहो, त्याला पाणी येतं का, ते विचारा ना!"

"तसा प्रश्नच नाही यात," बाई म्हणाल्या. उन्हाने त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांच्यावर तरी किती चिडायचं?

हा कागद ज्याने लिहिला, तो भरल्या माठाशेजारी बसला असणार. नळ म्हटलं की पाणी आलंच, असं त्याला वाटलं. आता आमची नऊ दिवसांची तहान त्याला कधीच दिसणार नाही, कारण ती त्याने विचारलेलीच नाही.

वहिनी आत गेल्या. दारी आलेल्याला पाणी द्यायचं, ही आपली रीत. सकाळी टँकरच्या रांगेत भांडून भरलेल्या हंड्यातलं पाणी त्यांनी बाईंपुढे धरलं. बाईंनी तांब्या घटाघटा रिकामा केला आणि कागद उलटून पुढच्या घराकडे वळल्या.

पुढचं घर माझं. नळ माझ्याकडेही आहे.